खोट्या स्क्रीनवरची तेवीस माणसं

"तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. "स्क्रीन बनवते" म्हटलं तर लोकांना वाटतं मी टीव्ही दुरुस्त करते. "ॲपचं डिझाइन करते" म्हटलं तर म्हणतात, "म्हणजे रंग भरता का?" माझ्या सख्ख्या काकूनं एका लग्नात चारचौघींना सांगून टाकलं होतं, की आमची पोरगी मोबाइलमध्ये बटणं बसवते. मी तेव्हा तोंड वाकडं केलं. पण खरं सांगू? तिच्याइतकं नेमकं अजून कोणाला सांगता आलेलं नाही. कुठलं बटण कुठं हवं, ते दाबल्यावर काय दिसावं, चुकून दाबलं तर मागं कसं यावं, हे मी ठरवते. मग माझा भागीदार त्याच्यामागचा खरा प्रोग्रॅम लिहितो आणि ते बटण खरोखर चालायला लागतं.

रामदासपेठेत एका रक्ततपासणीच्या लॅबवर आमच्या दोन खोल्या आहेत. त्याआधी दहा वर्षं मी छापखान्यात लग्नपत्रिकांची मांडणी करत होते, त्यामुळे अक्षर आणि मोकळी जागा यांचं थोडंफार कळतं. पण पत्रिका दाबून बघायची नसते. स्क्रीनच्या कामात सुरुवातीला माझे हाल झाले. चाळीस चित्रं काढायची, कागदावर छापायची, समोरच्या माणसाला एकेक दाखवत म्हणायचं, "समजा तुम्ही हे दाबलं, तर मग हे येईल." समोरचा मान हलवायचा आणि त्याला काडीचं समजायचं नाही. दोन महिने खपून भागीदार ते खरं बनवायचा, तेव्हा कुठं तो माणूस म्हणायचा, "अरे बाप्पा, असं नव्हतं म्हणायचं मले!"

मग कॉम्प्युटरवर नवी साधनं आली, आणि मी अक्षरशः नाचले. चित्र काढा, या बटणावरून त्या पानावर रेघ ओढा, की झालं. टॅबलेटवर दाबून बघता येतं. आता तर रेघसुद्धा ओढावी लागत नाही. साध्या मराठीत लिहायचं, "पेशंटचं नाव, फोन आणि पत्ता विचारणारं पान कर, अक्षर मोठं ठेव, शेवटी तारीख निवडू दे," की पाच मिनिटांत समोर उभं. एकदा वैतागून मी त्यात लिहिलं, "बटन थोडं मोठं कर ना बाप्पा," तर त्यानं केलं. मी भागीदाराला हाक मारून दाखवलं आणि आम्ही दोघं येड्यासारखे हसलो.

या अशा दाबता येणाऱ्या नमुन्याला आमच्या धंद्यात प्रोटोटाइप म्हणतात. दिसायला तो पूर्ण असतो, आत काही नसतं. तुम्ही त्यात नाव लिहिलं तर ते दिसतं, पण कुठं साठत नाही. पान बंद केलं की गेलं. हे मला माहीत होतं, भागीदाराला माहीत होतं. अडचण अशी, की त्या साधनानं तो इतका खऱ्यासारखा करून दिला होता की दुसऱ्या कोणाला ते कळायचं काही कारणच नव्हतं.

आमच्या जवळच एक छोटा डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर मॅडम स्वतःच ऑपरेशनं करतात आणि स्वतःच मालकीण. थंडीत तिथं मोतीबिंदूवाल्यांची झुंबड उडते, कारण आमच्याकडं अजून लोकांचं ठाम मत आहे की डोळ्याचं काम उन्हाळ्यात करू नये. ऑपरेशनच्या तारखा द्यायची एक खिडकी आहे आणि त्या खिडकीत अकरा वर्षं एकच बाई बसतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, नाकावर चष्मा. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, तारीख द्यायची, आणि संध्याकाळी ती नावं ऑपरेशनच्या यादीत उतरवायची, हे त्यांचं काम. मॅडमना हे सगळं टॅबलेटवर हवं होतं, म्हणजे खिडकीत नोंद झाली की आत यादीत आपोआप नाव दिसेल. ते काम आम्हाला मिळालं.

पहिल्या दिवशी मी टॅबलेट घेऊन गेले तेव्हा मावशींनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं सवतीकडं बघावं. "काहून वं," त्या म्हणाल्या, "हे माझ्या जागी बसनार काय?"

"नाही मावशी, तुमच्या हाताखाली काम करेल."

"सगळे असंच म्हनतात." पण त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढली.

आता माझी चूक सांगते. फिरवून सांगण्यात अर्थ नाही. आमचं साधन अशा प्रत्येक नमुन्याच्या वर आपणहून एक पिवळी पट्टी लावतं: हा नमुना आहे, इथली माहिती साठत नाही. ती पट्टी माझ्या निळ्या रंगावर इतकी घाण दिसत होती, की मी ती काढून टाकली. एक टिचकी. मॅडमना दाखवायचं होतं ना, सुंदर दिसायला नको? मॅडम खूश झाल्या. मग मी म्हटलं, हा टॅबलेट तीन दिवस खिडकीत राहू द्या, मावशी कुठं अडखळतात ते कळेल, मग बाकीचं करू. यात काही साठत नाही, हे मी मॅडमनाही सांगितलं नाही. मावशींना मी एवढंच म्हटलं, "बिनधास्त वापरा. काही बिघडत नाही." त्यांना मी हे नाही सांगितलं, की रजिस्टरमध्येही लिहीत राहा. मला वाटलं, ते काय सांगायचं, लिहितीलच. आणि मॅडमनी सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, की आजपासून खिडकीवर टॅबलेट आहे.

मावशींनी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. का नाही ठेवणार? प्रत्येक नावानंतर स्क्रीनवर भली मोठी हिरवी खूण यायची आणि खाली माझ्याच निवडलेल्या सुरेख अक्षरात, "तुमची नोंद झाली आहे." मावशी ते मोठ्यानं वाचायच्या, समोरच्या माणसाकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "झाली नोंद. या." तीन दिवस असं चाललं. आधीच्या तारखा जुन्या रजिस्टरवरून यादीत उतरलेल्या होत्या, त्यामुळे आतमध्ये कोणाला काही खटकलं नाही.

गुरुवारी सकाळी मी टॅबलेट परत न्यायला गेले. मनात लाडू फुटत होते. खिडकीसमोर कन्हानहून आलेले एक आजोबा बसलेले होते. कोळशाच्या खाणीत आयुष्य गेलेलं, आता एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. सोबत सून, तिच्या हातात कपड्यांची पिशवी. ऑपरेशनआधीचे थेंब तीन दिवस घड्याळ लावून डोळ्यात टाकले होते, असं ती कौतुकानं सांगत होती. आतून नर्स आली आणि म्हणाली, "यांचं नाव यादीत नाही."

मग मॅडम आल्या. मावशी म्हणाल्या, "मी तं नोंद केली मॅडम. सोमवारीच केली. झाली म्हनून दाखवलं त्यानं." मॅडमनी टॅबलेट घेतला, इकडं दाबलं, तिकडं दाबलं. आत एकही नाव नव्हतं. मॅडमचा आवाज चढला. "मावशी, नीट दाबलं तरी होतं का? मला हीच भीती होती. तुम्ही उद्यापासून वॉर्डात चादरींच्या कपाटावर बसा. इथं मी कोणीतरी शिकलेलं आणते."

अकरा वर्षं खणखणीत बोलणारी ती बाई एकदम लहान झाली. रांगेतली माणसं बघत होती. मावशींनी आपल्या बोटाकडं बघितलं, खरंच बोटाकडं, आणि हळूच म्हणाल्या, "चुकलं असन माझंच."

मी गप्प होते. किती वेळ ते सांगता येणार नाही, चार सेकंद असतील. त्या चार सेकंदांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं त्याची मला आजही लाज वाटते. काम जाईल. नाव जाईल. ही बाई तर स्वतःच म्हणते आहे ना, की तिचं चुकलं. आणि मग मला माझाच इतका राग आला, की आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "मावशींचं काही चुकलेलं नाही. हा टॅबलेट खोटा आहे. यात काही साठतच नाही. वर तसं लिहिलेलं होतं, ते मी काढलं."

मॅडमनी आधी आजोबांचं बघितलं, हे त्यांचं मोठेपण. नर्सला म्हणाल्या, "यांना आज शेवटी घ्या, मी थांबते." मग माझ्याकडं वळल्या. "आणखी किती जणांना अशा तारखा दिल्यात?"

मला माहीत नव्हतं. मावशींना आठवत होतं. "आजोबा धरून तेवीस."

"कोण? कधीच्या?"

इथं आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नमुन्यातलं कॅलेंडरही नकली. त्यात शुक्रवार सकाळ कायम रिकामी दिसत होती, कितीही जणांना दिली तरी भरतच नव्हती. म्हणजे दुसऱ्याच दिवशी एकाच वेळी किती माणसं दारात उभी राहणार, देव जाणे. मॅडम फार शांतपणे बोलल्या, आणि तेच जास्त लागलं. "उद्या सकाळी एक जरी माणूस असा आला, की ज्याचं नाव मला माहीत नाही, तर खिडकीवर दुसरं कोणी बसेल आणि तुमचं कामही तिथंच थांबेल. लोक डोळे घेऊन येतात इथं, खेळायला येत नाहीत."

त्या आत गेल्या. मला वाटलं, मावशी आता म्हणतील, बाई गं, माझी बाजू घेतलीस. कसलं काय! त्या माझ्यावर अशा उसळल्या की रांगेतली दोन माणसं मागं सरकली. "अकरा वर्षं झाली मले ह्या खिडकीत. नाई तं नाई म्हनलं, हाव तं हाव म्हनलं. एका मानसाले खोटं नाई सांगितलं. अन् तू तीन दिवसांत तेवीस लोकांले खोटं सांगायले लावलं वं माझ्या तोंडून! नोकरी जाईन तं जाईन. उद्या ते लोक येतीन अन् माझ्या तोंडाकडं पाहतीन, तवा मी काय सांगू?"

मी भागीदाराला फोन लावला. तो आधी ओरडला, "ताई, ती पट्टी काहून काढली?" मी म्हटलं, "ते नंतर विचार. तो रेकॉर्डर चालू होता का?" तो म्हणाला, "थांब, पाहून राहिलो." आणि मग, "हाव. तिन्ही दिवस चालू होता."

हेही आमच्या धंद्यातलंच एक साधन. नमुना कोणाच्या हातात दिला की त्या स्क्रीनवर काय काय झालं ते सगळं ते टिपून ठेवतं. बोट कुठं पडलं, कुठं थांबलं, काय लिहिलं, काय खोडलं. आम्ही ते पुन्हा लावून बघतो आणि माणूस कुठं अडला ते शोधतो. मॅडमची परवानगी घेतलेली होती, पण मावशींना मी त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आता सांगणं भाग पडलं.

"म्हंजे तू मले तीन दिवस चोरून पाहून राहिली होती?"

"हो मावशी."

त्यांनी चष्मा नीट केला. "बरं झालं पाहिलं. लाव आता."

दवाखान्याच्या चहाच्या खोलीत आम्ही दोघी लॅपटॉप लावून बसलो. स्क्रीनवर मावशींचं बोट म्हणजे एक करडा ठिपका. मी लावते, त्या नावं ओळखतात, मी वहीत उतरवते. मी आजवर अशी कितीतरी रेकॉर्डिंगं बघितलीत, पण ज्याची ती आहेत त्याच्या शेजारी बसून कधीच नाही. आणि मला दिसायला लागलं, की ही बाई काय काम करते. फोन नंबर लिहून झाला की ठिपका पुन्हा पहिल्या आकड्यावर जायचा आणि एकेका आकड्यावर थांबत पुढं सरकायचा. "हे काय?" मी विचारलं. "मोठ्यानं वाचून दाखवतो ना त्याहीले. म्हातारं मानूस आपलाच नंबर चुकवते." त्यासाठी आकडे सुटे सुटे आणि मोठे हवे होते. माझे सुरेख होते आणि बारीक होते.

मग पत्त्याच्या चौकटीत मला भलतंच काही दिसलं. "कन्हान. सून टाकते थेंब." दुसऱ्यात, "हिंगणा. मुलगा नोकरीले, थेंब नात टाकन." तिसऱ्यात, "एकटी राहते. वॉर्डात ठेवा." मी म्हटलं, "मावशी, पत्त्यात हे काहून लिहिलं?"

"मंग कोठी लिहू? तुह्या त्याच्यात जागाच नाई ठेवली. ऑपरेशन तं मॅडम करतात, पन घरी गेल्यावर थेंब टाकनारं कोनी नसलं तं डोळा जाते. मी पयले तेच विचारतो, मंग तारीख देतो." रजिस्टरमध्ये त्या हे कडेला बारीक अक्षरात लिहायच्या. मी ते रजिस्टर बघितलं होतं, त्याचे फोटो काढले होते, रकाने मोजले होते. कडेचं लिखाण मला खरडल्यासारखं वाटलं होतं.

दुपारी दोनपर्यंत तेवीसही नावं निघाली. आजोबांचा गुरुवार, अकरा जणांना शुक्रवार, अकरा जणांना त्यापुढचे दिवस. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात मॅडम आल्या आणि कोणाला कुठली तारीख जमते ते त्यांनी वहीतच लिहून दिलं. चौघांना उद्याच घेतलं, बाकीच्यांना पुढं. फोन मी करते म्हटलं तर मावशींनी माझ्या हातातून वही ओढून घेतली. "शब्द माझा गेला, तं फोनबी माझाच जाईन."

त्यांनी प्रत्येकाला फोन केला. पलीकडून जय भीम आला की जय भीम, राम राम आला की राम राम. आणि मग कुठलीही सबब न सांगता, "मी तुमाले तारीख सांगितली होती ना, ते नोंद झालीच नव्हती. आता झाली, वहीत माझ्या हातानं लिहिली. तारीख बदलली हाये, लिहून घ्या." एकजण फार बोलला. त्यांनी ऐकून घेतलं. "बरोबर हाये तुमचं," एवढंच म्हणाल्या.

शेवटचा एक नंबर लागेना. बघितलं तर आकडे नऊच. एक आकडा राहून गेला होता आणि माझ्या चौकटीनं तो निमूटपणे चालवून घेतला होता. दहा नसतील तर अडवावं, एवढीही अक्कल मी तिला दिली नव्हती. तारीख उद्याची, बाईची वेळ सकाळची. पत्त्यात लिहिलं होतं, "लकडगंज, आरामशीनच्या मांगे. थेंब शेजारीन टाकन."

"चला," मी म्हटलं. मावशींनी पदर खोचला आणि माझ्या स्कूटरवर मागं बसल्या.

लकडगंजात आरामशीन म्हणजे काय एक आहे! लाकूड कापणाऱ्या या गिरण्या गल्लोगल्ली. सागवानाचा वास, भुशानं पिवळा झालेला रस्ता आणि करवतीचा असा आवाज की बोललेलं ऐकू येत नाही. मी तीन ठिकाणी नाव विचारलं. नावानं कोणी ओळखेना. मग मावशी पुढं झाल्या आणि मान एका खांद्याकडं कलती करून, एक डोळा बारीक करून दाखवला. "अशी पाहते. उंच बाई हाये, भुसा भरते बहुतेक, कपड्याले लागलेला होता." चौथ्या गिरणीतल्या माणसानं लगेच हात केला. "मांगे जा ना, पोत्यांच्या तिकडं."

ती बाई खरंच पोत्यात भुसा भरत होती. मावशींना बघून ती घाबरलीच. मावशी तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि करवतीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "बाई, सोमवारी मी तुले सांगितलं नोंद झाली. ते खोटं निंघालं. मी मुद्दाम नाई बोलली, पन खोटं तं होतंच. उद्या येऊ नको. मंगळवारी ये. शेजारनीले सांग, थेंब आता थांबवायचे, शनिवारपासून परत टाकायचे."

बाईनं मान कलती करून आधी मावशींकडं, मग माझ्याकडं बघितलं. "एवढंच सांगायले रामदासपेठेतून आल्या?"

"हाव."

"मंग येतो ना मंगळवारी," ती म्हणाली आणि हसली. आम्हाला तिनं चहा पाजला. परत येताना मावशी मागून म्हणाल्या, "गाडी हळू चालव वं. एका दिवसात किती लोकांले मारतं?" तेव्हा मला कळलं की आमची भांडणं आता नेहमीची होणार.

शुक्रवारी सकाळी त्या तेवीसांपैकी दारात चौघंच आले. चौघांची नावं यादीत होती. मॅडम खिडकीपाशी येऊन मावशींना म्हणाल्या, "बसा तुम्ही इथंच." माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही ते नीट करून आणा." काम राहिलं. मावशींनी रजिस्टर पुन्हा कपाटातून बाहेर काढलं आणि मी ऑफिसात येऊन सगळी पानं पुसून टाकली. रेकॉर्डिंगं त्याआधी तिथंच मावशींच्या समोर पुसली होती.

त्यानंतरचे तीन रविवार मावशी आमच्या खोलीत येऊन बसल्या. त्यांनी बोलायचं, मी ते त्यांच्याच शब्दांत त्या साधनात लिहायचं, आणि पान तयार व्हायचं. "थेंब कोन टाकन, हे सगळ्यात पयले विचार." लिहिलं. सगळ्यात वर ती चौकट आली, त्यात सून, मुलगा, शेजारीण, कोणी नाही अशी बटणंसुद्धा. मावशी खुर्चीतून पुढं वाकल्या. "याले समजलं काय माझं?"

"समजलं की."

"तुह्यापेक्षा हुशार दिसते." भागीदार इतका हसला की त्याला ठसका लागला.

मला आत्तापर्यंत वाटायचं की हे साधन माझं आहे. डिझाइनवाल्यांचं. त्या रविवारी समोर दिसत होतं, की जिला "डिझाइन" हा शब्द नीट उच्चारायचाही कंटाळा, ती बाई त्यातून मनातलं पान काढून घेत होती, आवडलं नाही तर मोडत होती, पुन्हा मांडत होती. पत्रिकांच्या दिवसांत कोणी मला सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं. मला हेवा वाटला, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

एकदा त्यांनी विचारलं, "नाई झाली नोंद, तं ते कोठी दिसन?"

मी पानं चाळली. त्रेपन्न पानं होती. झालं, झालं, झालं, सगळीकडं झालं. नाही झालं असं सांगणारं एकही नव्हतं. इतकी वर्षं या धंद्यात, आणि मी सगळी सजावट होकारावर केली होती. आम्ही ते पान त्या दिवशी बनवलं. नारिंगी रंग, खूण नाही, मोठ्या अक्षरात: "नोंद झाली नाही. आत्ता कागदावर लिहून घ्या." नेट गेलं, तारीख भरली, नंबर नऊ आकडी निघाला, काहीही झालं तरी हे पान यायचं. भागीदारानं मग सगळं खरं बनवलं. आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसात नमुन्यावरची पिवळी पट्टी कोणी काढत नाही, रंगाचं वाट्टोळं झालं तरी.

खरा टॅबलेट खिडकीत लागला तेव्हा थंडी सरत आली होती. पहिल्या दिवसापासून तो नीट चालला. पण मावशी नाव भरायच्या, हिरवी खूण यायची, आणि त्या तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. आधी दुसऱ्या पानावर जाऊन ऑपरेशनची यादी उघडायच्या, त्यात ते नाव शोधायच्या, त्यावर बोट ठेवायच्या, आणि मग समोरच्याला म्हणायच्या, "झाली नोंद." रांग लांबायची. मॅडम मला म्हणाल्या, "यांना सांगा ना, आता खरं आहे म्हणून." मी म्हटलं, "मॅडम, माझ्या सांगण्यावर त्या एकदा विश्वास ठेवून बसल्यात. आता त्यांना बघू द्या." मीच दिलेली जखम होती, घाई करायचा हक्क मला कुठला?

दोन महिने असंच चाललं. रोज आठ-दहा नावं, प्रत्येक नाव यादीत जाऊन बघायचं. नेट गेलं त्या दोन दिवशी नारिंगी पान आलं, मावशींनी निमूटपणे कागद काढला.

मग परवा-परवा एका सकाळी मी दुसऱ्याच कामासाठी गेले होते आणि रांगेच्या मागं उभी होते. मावशींना मी दिसले नव्हते. समोर एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, दोन्ही हात खिडकीच्या कडेवर. मावशींनी थेंबांचं विचारलं, नाव आणि नंबर मोठ्यानं वाचला, बटण दाबलं. हिरवी खूण आली. त्यांचं बोट नेहमीप्रमाणे यादीकडं निघालं आणि मधेच थांबलं. मागं आलं. त्यांनी चष्मा वर केला, म्हातारीकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "झाली नोंद, आजी. बुधवारी या, सकाळी आठले."

म्हातारी वळली. पुढचा माणूस खिडकीशी गेला. मावशींनी यादी उघडली नाही.

मी उघडली. म्हणजे, चपला काढून, रांगेतून वाट काढत, जवळजवळ पळतच मी ऑपरेशनच्या दारापर्यंत गेले, जिथं भिंतीवर यादीचा स्क्रीन लावलेला आहे. बुधवार, आठ वाजता. मी वरून खाली वाचत आले.

म्हातारीचं नाव होतं. त्याच्यापुढं लिहिलं होतं, थेंब नातू टाकेल.